फी दिसते, व्याज दिसत नाही
भाचीला मेडिकल लॅबचं शिक्षण घ्यायचंय. एक महागडं आणि एक स्वस्त अशा दोन कॉलेजांची तुलना करायला आज दोघी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. फी सगळेच बघतात. शिकत असतानाच कर्जावर चढणारं व्याज कुणी धरत नाही. इंटर्नशिपमध्ये हातात काही पडेलच असं नाही, तेही मांडलं. मग सुरुवातीच्या पगारातून भाडं-जेवण वजा करून हप्ता बसतो का पाहिलं. महागड्या कॉलेजात नुसती ओढाताण! मान्यता दोन्हीकडे आहे, मग चकचकीत इमारतीचे पैसे का मोजायचे? नाइट ड्युटीचा भत्ता मी मुद्दाम हिशेबात धरू दिला नाही. बाईसाहेबांचं लक्ष मात्र जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त काचपट्टीवर पातळ कसं पसरवायचं यातच. उद्या कॉलेजला फोन करून विचारणार आहे, मुलांना सॅम्पल हाताळायला देतात की लांबूनच दाखवतात?