सफरचंद नसलेला मॅक

छापखान्यातून आलेल्या डब्यावर ‘जुना पीसी, चालू होत नाही’ अशी चिठ्ठी होती. मागच्या बाजूला एडीबीचं, म्हणजे जुन्या मॅकच्या कीबोर्ड-माउसचं, गोल पोर्ट आणि दोन ओळींत १५ पिनांचं मॉनिटर पोर्ट दिसलं, तेव्हा उलगडलं: हा १९९६चा मॅक क्लोन, म्हणजे अ‍ॅपलच्या परवान्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेला मॅक. सफरचंद नाही, पण आत मॅक ओएस.

मशीन कुणालाच नको होतं. आतले जुने दिवाळी अंक हवे होते. बॅकअपची सीडी होती, पण ती कधीतरी विंडोजवर लिहिलेली आणि तिच्यातले सगळे फाँट शून्य बाइटचे. मॅकच्या फाइलला डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क असे दोन भाग असतात. टाइप १ या छपाईच्या जुन्या प्रकारातल्या फाँटचा सगळा ऐवज रिसोर्स फोर्कमध्ये, आणि विंडोजवरून कॉपी करताना नेमका तोच गळतो. त्यात हे देवनागरी फाँट युनिकोडच्या आधीचे. अक्षरांचे कोड रोमनचेच. फाँट नसेल तर अख्खा अग्रलेख म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी.

बोर्डावरची ४.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी फुटून ओघळली होती. या पिढीतल्या बऱ्याच बोर्डांवर बॅटरी मेली की पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो. डाग व्हिनेगरच्या बोळ्याने पुसले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. होल्डरमध्ये तीन एए सेल एकापुढे एक जोडले, बोर्डावरचं रिसेटचं बटण एकदाच दाबलं. पडदा उजळला.

पण मशीनमधल्या जुन्या डिस्कवरून ते सुरू करायचं नाही. २ जीबीची ५० पिनी स्कझी (त्या काळच्या जोडणीची) डिस्क काढून, टर्मिनेशन (जोडणीची टोकं नीट बंद आहेत ना) तपासून, स्कझी कार्ड असलेल्या लिनक्स पीसीला लावली आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने आधी पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली. डिस्कचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) तिसऱ्याच कंपनीचा निघाला. अपेक्षितच होतं; अ‍ॅपलचं फॉरमॅट करणारं सॉफ्टवेअर त्या काळी अ‍ॅपलचं फर्मवेअर नसलेल्या डिस्कला बहुधा हात लावत नसे. परवाना घेतलेल्यांनाही ही उसनवारी करावी लागे.

क्लोनवाल्यांची खरी गोची मात्र रॉममध्ये, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या मेमरी चिपमध्ये होती. आयबीएम पीसीचं बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, छोटं. कॉम्पॅकने ते नक्कल न करता नव्याने लिहिलं, आणि डॉस मायक्रोसॉफ्ट कुणालाही विकत होती. मॅकमध्ये टूलबॉक्स, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मोठा हिस्सा, ४ एमबीच्या रॉममध्ये बसलेला. त्यामुळे परवाना म्हणजे नुसती सीडी नव्हे. रॉम अ‍ॅपलचा, आणि बहुतेकदा बोर्डाचं डिझाइनही अ‍ॅपलचंच.

अ‍ॅपलने हे दार १९९५मध्ये उघडलं, विंडोज ९५ आलं त्याच वर्षी. बिल गेट्सनी अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांना मॅकचे परवाने देण्याचा सल्ला दिला होता तो जून १९८५मध्ये! दहा वर्षांनी बाजारात नवं गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. पॉवर कॉम्प्युटिंगसारख्या क्लोन कंपन्यांनी वेगवान प्रोसेसर स्वस्तात देऊन छपाई-डीटीपीवालेच ओढले, म्हणजे ज्यांच्या महागड्या मशीनवर अ‍ॅपल जगत होती तेच. मायक्रोसॉफ्टला गमवायला स्वतःचं मशीन नव्हतं, अ‍ॅपलला होतं. माझ्या मते चूक परवाना देण्यात नव्हती, वेळेत आणि दरात होती. १९९७मध्ये ७.७ म्हणून येणारी आवृत्ती ‘मॅक ओएस ८’ नावाने आली. परवाने सिस्टिम ७पुरते होते, ते नावातच संपले. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा अ‍ॅपलने १० कोटी डॉलरच्या शेअरमध्ये विकत घेतला.

मॅक ओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅक एचएफएस हे डिस्कचं जुनं फॉरमॅट वाचतच नाही, म्हणून इमेज शीपशेव्हर या जुन्या मॅकची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये उघडायची ठरली. तोही सुरू व्हायला आधी रॉमची फाइल मागतो. ती याच बोर्डावरून काढून घेतली.

तिथे फाँट जसेच्या तसे उभे राहिले. क्वार्क या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक पान फाँटसकट पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या फाइलमध्ये ‘छापलं’, मग त्याचे पीडीएफ केले. मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर त्याच फाँटच्या तक्त्याचा लागतो. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार तरीही हातानेच तपासावे लागतात. छापखान्याने डबा भंगारात द्यायला सांगितला. बोर्ड मी काढून ठेवला आहे, रॉमसकट.