‘पाल’च्या मागावर : सात महिन्यांत कुठवर आलो

मंडळी, सोलापूरच्या गड्ड्याची यात्रा आटोपली की ‘पाल’ची, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतल्या ‘पाल’सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांची, सगळी कार्डं एकदा जमिनीवर मांडून बसायचं ठरवलं होतं. मागच्या रविवारी बसलो. ४३ कार्डं, १६ भाषा. आमचा धंदा सुताचा, त्यामुळे गठ्ठे बांधायला घरात रंगीत सूत पडलेलंच असतं. एका मुळातून आलेल्या शब्दांना लाल सूत, उसन्या शब्दांना निळं आणि नुसत्या योगायोगाने सारख्या दिसणाऱ्यांना पांढरं. मागच्या वेळी बांधलेले गठ्ठे सोडले आणि यातली अकरा कार्डं चुकीच्या सुतात गेली होती हे लक्षात आलं. ही नोंद त्यातल्याच काहींची.

नव्याने आलेल्यांसाठी सुरुवात थोडक्यात सांगतो. आम्ही पूर्व भागात राहतो. शेजारच्या अक्कांचं घर तेलुगू, विणकराचं. एका सकाळी त्या आतून ओरडल्या, “पालु पोंगिनय!” माझी चार वर्षांची पुतणी लगेच भिंतीवर पाल शोधायला लागली. अक्कांचं दूध उतू गेलं होतं. तेलुगूत दूध म्हणजे ‘पालु’, आणि ते कायम अनेकवचनी. ‘पोंगिनय’च्या शेवटी तेच अनेकवचन आहे, म्हणजे शब्दशः ‘दुधं उतू गेली’. पाण्याचंही तसंच, ‘नीळ्ळु’ अनेकवचनीच चालतं. त्या दिवशी पहिलं कार्ड लिहिलं.

घरच्या मराठीपासून सुरू करू, कारण तिथेच दोन पाली आहेत. ‘ती पाल’ भिंतीवरची, अनेकवचन ‘पाली’. ‘ते पाल’ कापडाचं, अनेकवचन ‘पालं’. गड्ड्यावर खेळणीवाले होम मैदानाच्या कडेने ठोकतात ती पालं, आणि भटक्यांच्या वस्तीवरची पालंही तीच. लिंग बदललं की शब्द बदलला, इतकं सोपं असूनही पहिल्या महिन्यात मी दोन्ही एकाच कार्डावर लिहिली होती. आता वेगळी केली आहेत.

भिंतीवरच्या पालीचा माग छान लागला. संस्कृत कोशांत ‘पल्ली’ म्हणजे घरातली पाल. आपल्या पंचांगांतल्या ‘पल्लीपतन’ या शब्दात ती जशीच्या तशी बसलेली आहे: पाल अंगावर कुठे पडली की काय फळ. आमच्या घरातल्या जुन्या पंचांगात डाव्या खांद्यापासून उजव्या पायापर्यंत अख्खा तक्ता आहे. तमिळमध्ये पाल म्हणजे ‘पल्लि’, तेलुगूत ‘बल्लि’, कन्नडमध्ये ‘हल्लि’. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ देवळात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे, लोक रांगेत उभं राहून त्यांना हात लावतात. त्या भागात इतका पक्का रुजलेला शब्द पाहून, हा उत्तरेकडून दक्षिणेत गेला की दक्षिणेकडून संस्कृतात आला, असा विचार आला. माझा कौल दक्षिणेच्या बाजूने आहे. म्हणून या कार्डाला लाल सोडून निळं सूत बांधलं. ‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ म्हणतो तेव्हा आपण बहुधा एक द्राविडी शब्द उच्चारत असतो, ही गोष्ट मला फार आवडली.

आता कन्नड. माझं आजोळ अक्कलकोटकडचं. आजी भिंतीकडे बोट दाखवून ‘हल्लि’ म्हणायची आणि आम्हा मुलांना ती ‘हल्ली’ म्हणते, म्हणजे आताचं काहीतरी सांगते आहे असं वाटायचं. (मराठी ‘हल्ली’ अरबी ‘हाल’पासून, त्याचा पालीशी संबंध नाही. पांढरं सूत.) पण आजीच्या त्या एका शब्दात अख्खा नियम दडलेला होता. जुन्या कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जो ‘प’ होता, त्याचा साधारण दहाव्या शतकापासून ‘ह’ होत गेला. तमिळ-तेलुगूतला वाघ ‘पुलि’, कन्नडमध्ये ‘हुलि’. तमिळमध्ये दहा म्हणजे ‘पत्तु’, कन्नडमध्ये ‘हत्तु’. फूल ‘पू’चं ‘हू’ झालं. तमिळ ‘पाल्’, तेलुगू ‘पालु’, कन्नड ‘हालु’ : तिन्ही दूध. गावाचा ‘पळ्ळि’ही कन्नडमध्ये ‘हळ्ळि’ झाला. तिरुचिरापळ्ळीच्या शेवटी आहे तोच शब्द अक्कलकोटच्या पुढे कलबुर्गीकडे निघालं की पाट्यांवर ‘हळ्ळी’ होऊन दिसायला लागतो. ‘ल’ असेल तर पाल, ‘ळ’ असेल तर गाव. मराठी माणसाला हा फरक कानाने लगेच कळतो, हे आपलं भाग्य.

एकच अडचण. वाटा, हिस्सा या अर्थाचा ‘पालु’ कन्नडमध्ये ‘प’ सांभाळून आजही चालतो, भागीदाराला ‘पालुदार’ म्हणतात. तेव्हा नियम डोळे झाकून लावायचा नाही, एकेक शब्द तपासायचा. वाट्याचा हा शब्द तमिळमध्येही ‘पाल्’ आहे. ‘तिरुक्कुरळ’ या जुन्या तमिळ ग्रंथातल्या १३३० कुरळांचे, म्हणजे दोन ओळींच्या पद्यांचे, तीन भाग पडतात आणि त्या प्रत्येक भागाला ‘पाल्’च म्हणतात. व्याकरणात पुल्लिंगाला ‘आण्पाल्’, स्त्रीलिंगाला ‘पेण्पाल्’, तिथेही तोच विभाग. एका भाषेत दूध आणि वाटा एकाच उच्चाराचे, आणि कोणाचा गोंधळ होत नाही. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, “दूध वाटायचंच असतं की.” हे व्युत्पत्ती म्हणून धरता येणार नाही, पण कार्डाच्या मागे लिहून ठेवलं.

संस्कृतातला ‘पाल’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ‘पा’ म्हणजे रक्षण करणं, त्यावरून गोपाल, द्वारपाल, लोकपाल, राज्यपाल. मराठीत तो ‘पाळणे’ झाला. बंगालच्या पाल घराण्याचा संस्थापकही गोपालच, आठव्या शतकातला. इथपर्यंत लाल सूत पक्कं. हिंदीत पाल म्हणजे जहाजाचं शीड, आणि गवतात दाबून पिकवलेल्या आंब्यालाही ‘पाल का आम’ म्हणतात, आपण ज्याला अढीचा आंबा म्हणतो. हिंदी ‘तिरपाल’ मी कापडाच्या पालाबरोबर बांधलं होतं, कारण तेही कापड आणि पावसात तेही डोक्यावर ताणतात. ती चूक निघाली. ‘तिरपाल’ हे इंग्रजी ‘टारपॉलिन’चं हिंदी रूप. त्यातला ‘टार’ म्हणजे डांबर. अर्थ जुळला की माणूस उच्चाराला तपासायचं सोडतो, हे मला इथे कळलं.

युरोपातली कार्डं भराभर सांगतो. डच ‘पाल’ म्हणजे खांब, लॅटिन ‘पालुस’वरून. इंग्रजी ‘पोल’ही त्याच मुळाचा. ॲमस्टरडॅमची जमीन मऊ, म्हणून तिथला सतराव्या शतकातला राजवाडा लाकडी खांबांवर उभा आहे, १३,६५९ खांब. कॅटलान ‘पाल’ म्हणजे काठी, तोच लॅटिन शब्द. हंगेरियन ‘पाल’ हे माणसाचं नाव, लॅटिन ‘पाउलुस’वरून, ज्याचा अर्थ छोटा. वेल्श भाषेत ‘पाल’ म्हणजे फावडं, आणि रंगीत चोचीचा पफिन नावाचा समुद्रपक्षीही.

आता ज्या दोन कार्डांसाठी ही नोंद लिहायला घेतली ती.

पहिलं कोरियन. कोरियनमध्ये आठ म्हणजे ‘फाल्’. रोमन लिपीत ते ‘पाल’सारखं लिहितात, पण ऐकलं तर प जोरात, आपल्या फळातल्या फ च्या जवळचा. हाताच्या बाहूलाही ‘फाल्’च, पण तो त्यांचा स्वतःचा शब्द. आठचा शब्द चिनीतून आलेला. हाँगकाँगच्या कॅन्टोनीजमध्ये आठ म्हणजे ‘पात’, शेवटी त. जुन्या चिनीतला हा शेवटचा त कोरियनमध्ये गेला की ल होतो, आणि नियमाने होतो. कॅन्टोनीज ‘यत’ म्हणजे एक, कोरियन ‘इल्’. कॅन्टोनीज ‘छत’ म्हणजे सात, कोरियन ‘छिल्’. एक, सात, आठ, तिघांच्या शेवटी त च्या जागी ल. एका शब्दावर विश्वास ठेवू नये, तीन सापडले की बसावं. या कार्डावर मी दोन रात्री होतो.

दुसरं इंग्रजी ‘पॅल’, म्हणजे दोस्त. हे कार्ड चार महिने ‘गोपाल’च्या लाल गठ्ठ्यात होतं. माझा तर्क असा: रक्षण करणारा, सांभाळणारा, म्हणजे दोस्त. अगदी पटण्यासारखं, आणि पूर्ण चूक. ‘पॅल’ सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत दिसू लागतो आणि तो आला रोमानी भाषेतून. रोमानी बोलणाऱ्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्यात भावाला ‘फ्राल’ किंवा ‘प्राल’ म्हणतात, इंग्लंडमधल्या रोमानीत र गळून ‘पाल’. आणि मूळ शब्द संस्कृत ‘भ्रातृ’.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बसेना. भ्रातृत प कुठे आहे आणि ल कुठे आहे? म्हणून एकेक अक्षर घेतलं. रोमानीत भ, घ, ध यांचे नियमाने फ, ख, थ होतात. घर तिथे ‘खेर’, धूम म्हणजे धूर तिथे ‘थुव’. तसाच भ चा फ. दोन स्वरांमधल्या त चा होतो ल. मेलेला या अर्थाचा ‘मृत’ तिथे ‘मुलो’. आता ‘भ्रात’वर दोन्ही नियम लावा: फ्राल. सगळं जागेवर बसतं. इंग्रजी ‘पॅल’मधला प हा मुळात भ, आणि ल हा मुळात त. आपल्या पालीशी जुळणारं त्यात मुळातलं एकही व्यंजन नाही. योगायोगाने सारखं दिसत होतं आणि मी त्यावर अर्थाचा मुलामा चढवला होता.

आपण त्याच ‘भ्रातृ’चं काय केलं? र सोडला, त सोडला, भ तेवढा घट्ट धरला आणि ‘भाऊ’ झाला. रोमानीने र ठेवला, त चा ल केला. इंग्रजीकडे तर हा शब्द दोनदा आहे: ‘ब्रदर’ त्यांचा स्वतःचा, त्याच प्राचीन मुळातून आलेला, आणि ‘पॅल’ रोमानीकडून घेतलेला. म्हणजे कन्ना चौकात गाडी लावता लावता पोरं “काय भावा” म्हणून हाक मारतात, ती आणि लंडनच्या गल्लीतली ‘पॅल’ अशी हाक, दोन्हींचा शब्द एकच. हे कार्ड गोपालच्या गठ्ठ्यातून काढताना मला खरोखर आनंद झाला. त्याला आता वेगळं लाल सूत आहे आणि त्याच गाठीत ‘भाऊ’चं नवं कार्ड बांधलं आहे, त्यात प नाही, ल नाही, तरीही.

आणि कोरियन कार्ड शेजारी ठेवलं तेव्हा दिसलं की तिकडेही ‘फाल्’मधला ल हा मुळातला त च. एक शब्द चीनमधून पूर्वेला गेला, दुसरा आपल्याकडून पश्चिमेला. एकमेकांशी काहीही देणंघेणं नसताना दोन्हीकडे त चा ल झाला. त म्हणताना जीभ दातामागे टेकते, ल म्हणतानाही टेकते, फक्त हवेला बाजूने वाट मिळते. ही दोन कार्डं एका गाठीत बांधता येणार नाहीत, पण त्यांच्यावर पेन्सिलीने एक खूण केली आहे.

आजची मोजणी: लाल १९, निळं १३, पांढरं १२. ‘भाऊ’ धरून ४४ झाली. पुढच्या महिन्यात ‘पाळी’ घेतोय, गिरणीची रात्रपाळी आणि कन्नडमधली ‘पाळि’, तीही कामाची पाळीच. गिरणीत काम केलेले आमच्या गल्लीत तिघे काका आहेत, दोन तेलुगू आणि एक कन्नड. बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे वही घेऊन बसणार आहे. तुमच्या घरात भोंग्याच्या वेळेला, पाळी बदलण्याला कोणते शब्द होते ते आठवत असतील तर कोण बोलायचं, कोणत्या पेठेत, एवढं लिहून पाठवा.