नाना, वायनरी आणि केळीचा चीक

आमच्या गावात बातमी अशी पसरली की पोरं नानांना घेऊन नाशिकला दारू प्यायला चाललेत. आता नाना म्हणजे माझे चुलते, सत्तरी पार केलेली, गळ्यात तुळशीची माळ, चोपडा तालुक्यात केळी लावण्यात सगळं आयुष्य गेलेलं, आणि त्यांच्याबद्दल असं बोललं जातंय म्हटल्यावर काकूंनी मला फोन करून जे काही सुनावलं ते इथं लिहीत नाही.

खरं तर नाना यायचेच नव्हते. मी, बायको आणि आत्तेभाऊ असा तिघांचाच प्लॅन होता, मार्च एंडिंगची बोंब एकदाची संपली होती (बँकेत असणाऱ्यांना कळेल), जळगावात ऊन चढायच्या आत कुठंतरी जाऊन येऊ म्हणलं, तर आत्तेभाऊ म्हणाला की नाशिकच्या वायनऱ्या बघू. नानांनी आपल्या अहिराणीत एवढंच विचारलं, "तठे द्राक्षाले ठिबक कसं करेल शे ते दखाडतस का?" दाखवतात म्हणल्यावर ते पिशवी भरून तयार. आत्तेभावाला अॅसिडिटी, तो तसाही पीत नाही, त्यामुळं स्टिअरिंग त्याच्याकडं, हा प्रश्न घरातच सुटला.

पहाटे निघालो, धुळ्याच्या पुढं आग्रा रोडला लागलो तर कडेनं सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांची रांगच्या रांग, चैत्रातली यात्रा, भगवे झेंडे, डीजेचा ट्रॅक्टर, बायांच्या तळपायाला फडकी बांधलेली. अर्धा खान्देश रस्त्यावर. नाना प्रत्येक दिंडीला खिडकीतून हात जोडत होते आणि मधूनच आमच्याकडं बघत होते. काही बोलले नाहीत, पण मी एसी एकनं कमी केला.

पहिली वायनरी अर्थातच सुला, गंगापूर धरणाच्या बाजूची. १९९९ ला राजीव सामंतांनी सुरू केली, आईच्या सुलभा या नावावरून सुला, एवढं मला माहीत होतं. जवळच यॉर्क आहे, ते नाव म्हणजे मालकांच्या तीन मुलांची आद्याक्षरं, योगिता, रवी, कैलाश, आणि मी इतकी वर्षं समजत होतो की इंग्लंडातलं कुठलं गाव असेल. २०२१ पासून यॉर्क पण सुलाकडंच आहे. बाकी इमारती, सेल्फी पॉइंट, मुंबई-पुण्याच्या पोरापोरींची गर्दी याबद्दल काही लिहीत नाही, रील्सवर सगळं आहे.

आमची खरी मजा झाली ती बागेत. तोडणी संपलेली होती, कारण आपल्याकडं वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्येच निघतात. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो आणि तोडणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपल्याकडं वेलाला झोपच नाही, म्हणून छाटून छाटून त्याला वेळापत्रक लावावं लागतं, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळ धरायला गोडी छाटणी, दोन छाटण्या पण पीक एकच. आम्ही गेलो त्या तुकड्यात खरड छाटणीच चालू होती, वेली पार बोडक्या केलेल्या, खाली काड्यांचा खच. नाना टूरवाल्या पोराला सोडून थेट छाटणीवाल्या माणसाजवळ जाऊन उकिडवे बसले. एकरी किती टन निघतं, ठिबकचा खर्च काय, मजुरी काय. त्यानं सांगितलं की वाइनच्या द्राक्षाला माल मुद्दाम कमी धरतात, घड जास्त झाले तर कापून खाली टाकतात, म्हणजे राहिलेल्यात रस दाट होतो. नानांना हे काही पटेना. "येनारा माल कापी टाकतस? कसाले?" पन्नास वर्षं घडाचं वजन वाढवण्यात गेलेली, त्या माणसाला हे ऐकणं जडच जाणार. मग कळलं की बरेच शेतकरी वायनरीशी करार करून लावतात, तर पुढचा प्रश्न, "मंग बऱ्हाणपूरना भाव कोन दखस?" आमच्याकडं केळीवाला सकाळी उठून देवाच्या आधी बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव बघतो, ज्यांना माहीत आहे ते हसतील.

एका वेलीवर तोडणीत विसरलेला एक छोटा घड राहिला होता, मणी करवंदाएवढे, सुरकुतलेले. नानांनी विचारून एक तोंडात टाकला. आपण बाजारात घेतो त्या थॉमसनसारखं नाही, साल जाड, आत बिया, गर म्हणाल तर नावाला, पण गोड इतकं की बोटं चिकटतात. ती साखरच सगळा खेळ करते, यीस्ट साखर खातं आणि तिचा अल्कोहोल होतो, म्हणून तोडणीच्या आधी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजत बसतात, बावीस-चोवीसच्या आसपास आलं की काढायचं. पांढऱ्या वाइनला रस दाबून साल लगेच बाजूला, लालला सालासकट आंबवायचं कारण रंग सालात असतो, आणि रोझेला, म्हणजे गुलाबी वाइनला, साल काही तासच ठेवायचं. मला हे आधी माहीतच नव्हतं, मी समजायचो लाल द्राक्षाचा रसच लाल असतो.

टाकीघरात शिरलो तर स्टीलच्या उंचच उंच टाक्या, बाहेरून थंडावा फिरवलेला, पांढरी वाइन बारा-पंधरा डिग्रीला आंबवतात म्हणे, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत गेल्या गेल्या नाना थांबले, नाक वर केलं. "हाऊ मोहाना वास शे."

टूरवाला पोरगा गोंधळला, पण मला लगेच कळलं. आमच्याकडं सातपुड्याच्या पायथ्याला याच दिवसांत मोह गळतो. रात्रभर टपटप फुलं पडतात, पावरा आदिवासी बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली, फूल कसलं, पिवळसर मांसल गोळीच ती, वाळवली की मनुक्यासारखी दिसते. ती भिजवून आंबवलेल्या माठाचा वास मी लहानपणी आमच्या सालदाराच्या घरी घेतलेला आहे, आणि खरंच, तसाच होता. मोहाची पुढं भट्टी लावून दारू काढतात, म्हणजे ती वाइन नाही, हे कबूल. पण आंबणं तेच, ऋतूही तोच, आणि एकाला तिकीट लावून टूर दाखवतात तर दुसऱ्याची भट्टी पोलीस फोडून टाकतात. पलीकडं मध्य प्रदेशनं २०२१ मध्ये मोहाच्या दारूला हेरिटेज म्हणायचं ठरवलं. सातपुडा तोच, फक्त उतार वेगळा. आपल्या सरकारनं २०२२ च्या जानेवारीत हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं होतं, त्यावर केवढा गदारोळ झाला आणि ते बारगळलं, आमच्या पारावर तर महिनाभर तोच विषय होता. मोहाबद्दल तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही.

असो. टेस्टिंग. टेबलावर सहा ग्लास, तळाला घोटभर वाइन, आणि मध्ये एक भांडं. हे कशाला म्हणून नानांनी विचारलं, तर चव घेऊन थुंकायचं असेल तर. "पैसा दीसन थुकतस का रे?" शेजारच्या टेबलावरची माणसं पण हसली. नानांनी घेतली नाही, माळ आहे, पण प्रत्येक ग्लासाचा वास मात्र घेतला, आणि खरं सांगतो, आमच्यात सगळ्यात चांगलं नाक त्यांचंच. सोव्हिन्यों ब्लांकला ते म्हणाले की भरताच्या हिरव्या मिरच्या तव्यावर टाकल्या की येतो तसा वास आहे, आणि वाढणाऱ्या मुलीनं सांगितलं की बरोबर, ढोबळी मिरचीचा वास म्हणतात या द्राक्षाला. शेनिन ब्लांक मला सगळ्यात आवडली, पेरूसारखी, किंचित गोडसर. शिराज ही लाल वाइन घेतली तर जीभ आखडली, टाळूला चिकटल्यासारखं झालं, मी म्हणलं बाटली खराब आहे का, तर नाना म्हणाले कच्चं केळं चावल्यावर काय होतं? तेच होतं की! केळीच्या चिकात जे असतं तेच द्राक्षाच्या सालात आणि बीत असतं, टॅनिन. एवढे वाइनचे व्हिडिओ पाहिले पण टॅनिन मला कळलं ते नानांच्या केळ्यानं. शेवटची लेट हार्वेस्ट, घड वेलीवरच जास्त दिवस ठेवून केलेली, ती बायकोला आवडली, मला काकवीसारखी वाटली.

आता माझा गाढवपणा. चार बाटल्या घेतल्या, दोन शेनिन, दोन शिराज, डिकीत टाकल्या, आणि परतताना धुळ्याला शेवभाजी खायला थांबलो. दुपारचे दोन, गाडी उन्हात, आणि आम्ही निवांत दीड तास, कारण शेव घातल्यावर तर्री दोनदा मागवली. घरी येऊन बघतो तर एका शिराजचं बूच वर सरकलेलं आणि वाइन झिरपून बायकोच्या पैठणीच्या पिशवीपर्यंत गेलेली. पैठणी वाचली, मी नाही. दुसरी शिराज आठ दिवसांनी उघडली तर शिजवलेल्या मनुक्यांसारखी लागली. खान्देशात वाइन न्यायची तर सीटखाली, ओल्या गोणपाटात, किंवा सरळ आइसबॉक्स घ्या, आणि घरी माळ्यावर तर ठेवूच नका, आमच्या माळ्यावर मे महिन्यात मेणबत्त्या वाकतात.

शेनिन मात्र फ्रीजमध्ये मेथीशेजारी पडून होती. परवा संध्याकाळी गच्चीवर बसलो, आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते, अर्धे ओलेच, चार भाजून आणले, आणि थंड शेनिन. ज्वारीचा तो खमंगपणा, लसूण, तीळ, आणि वरून गार, किंचित गोड घोट, काय जमलं म्हणून सांगू. शेवभाजीबरोबर पण हीच चालेल, लाल घेऊ नका, काळ्या मसाल्याबरोबर घसा पेटतो, करून बघितलंय.

आणि हो, नानांनी त्या दिवशी छाटणीवाल्याला विचारून चार काड्या आणल्या होत्या, ओल्या उपरण्यात गुंडाळून, मांडीवर धरून अख्खा रस्ता. केळीच्या रोपांच्या पिशव्यांत खोचल्या, केळीच्या सावलीत ठेवल्या. आम्ही हसलो, चोपड्याच्या उन्हात वाइनची द्राक्षं. काल फोन आला. तीन वाळल्या. "एक फुटनी," म्हणाले, आणि लगेच आत्तेभावाला विचारलं की ब्रिक्स मोजायचं ते यंत्र केवढ्याला मिळतं.