जावाच्या गावात घराची जागा बायकोच्या नावावर करताना

इंडोनेशियात २०२१ साली जमिनीच्या नोंदणीबद्दल एक सरकारी नियम आला. गावच्या जुन्या दप्तरातले उतारे, करपावत्या, हाताने लिहिलेले कागद हे सगळं पाच वर्षं, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच मालकीचा पुरावा म्हणून चालेल, असं त्यात एक कलम होतं. आमच्या घरात ही बातमी पोचायला २०२४ उजाडलं. सासूबाई ज्या घरात राहतात त्या जागेचा हाच एक पुरावा होता: गावच्या वहीतली नोंद, वारलेल्या सासऱ्यांच्या नावाची.

मी मूळचा इचलकरंजीचा. कापडाच्या धंद्यामुळे मध्य जावातल्या सोलो शहरात आलो, तिथेच लग्न झालं आणि राहायला बायकोच्या गावी गेलो. गाव क्लातेन जिल्ह्यात, सोलो आणि योग्यकर्ता यांच्या मधोमध. भोवती भातशेती, उत्तरेला मेरापी ज्वालामुखी. गाव बहुतांश मुसलमान, पण चार घरं ख्रिश्चन आणि काही आमच्यासारखी हिंदू. इथले हिंदू बालीहून आलेले नाहीत, जावातलेच आहेत. १९६५ नंतरच्या वर्षांत मध्य जावातल्या बऱ्याच कुटुंबांनी हा धर्म घेतला, त्यातलंच सासऱ्यांचं कुटुंब.

२०१७ पासून सरकारने अख्ख्या गावांची जमीन एका दमात मोजून दाखले द्यायची योजना राबवली. पीटीएसएल म्हणतात तिला. जावा आणि बालीत गावकऱ्याकडून तयारीखर्चापोटी १,५०,००० रुपियाच घ्यायचे असा नियम आहे; आपले आठ-नऊशे रुपये. आमच्या गावातही ती येऊन गेली, पण आमची जागा सुटली. थोरला मेहुणा कालीमंतानला, म्हणजे बोर्निओ बेटावर, पामच्या मळ्यात कामाला आणि वारसांच्या सह्या पुऱ्या नव्हत्या. त्यामुळे आम्हाला वेगळा अर्ज करून सगळं स्वतः गोळा करायचं होतं.

यात माझी जागा कुठली, हे आधी सांगतो. कायद्याने कुठलीच नाही. १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाकडे तो वारशाने किंवा लग्नाच्या सामाईक मालमत्तेतून आला, तर वर्षाच्या आत सोडावा लागतो. म्हणून परदेशी नवरा असलेली बायको जमिनीचा कागद करायला गेली की पहिला प्रश्न येतो, लग्नाचा करार आहे का? आमचा नव्हता. बायकोने १९७४ च्या विवाह कायद्याचं ३५ वं कलम तोंडपाठ करून ठेवलं होतं: लग्नात मिळवलेलं सामाईक, वारशाने आलेलं ज्याचं त्याचं. ते बरोबरच आहे. पण खिडकीपलीकडचा माणूस मान हलवून ‘हो, पण करार असला तर बरं’ म्हणाला की कलम तिथेच थिजतं. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागायचा. २०१६ मध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही करायला मुभा दिली, म्हणून आम्ही नोटरीकडे जाऊन केला आणि विवाह नोंदणीच्या कार्यालयात नोंदवला. अशी मिश्र लग्नं असलेल्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे की कलमावर वाद घालत बसू नका. करार करा. पुढचे सगळे दरवाजे त्याने पटापट उघडतात.

तर माझ्या नावावर गावात काहीच नाही. ना घर, ना जागा, ना मत. माझ्याकडे आहे तो राहण्याचा परवाना, बायकोच्या हमीवर मिळालेला. तरीही या कागदाच्या खटपटीत निम्मं काम माझ्या वाट्याला आलं आणि ते कार्यालयातलं नव्हतं.

गावची वही, जिला सगळे लेतर सी म्हणतात, ती गावच्या चारिककडे असते. चारिक म्हणजे पंचायतीचा चिटणीस. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखाच थाट, पण ही वही मुळात कर गोळा करायला ठेवलेली. त्यामुळे क्षेत्र अंदाजे, नकाशा नाही आणि हद्दीची खूण ‘पूर्वेला अमक्याचं घर’ इतकीच. तो अमका पंचवीस वर्षांपूर्वी गेलेला. उताऱ्यासोबत वारसदाखला लागला. तो वारसांनी स्वतः लिहायचा, दोन साक्षीदारांनी सही करायची, मग सरपंच आणि चामात, म्हणजे तालुक्याचा प्रमुख, यांनी शिक्का मारायचा. थोरल्या मेहुण्याची सही कालीमंतानहून कुरियरने आली. १०,००० रुपियाचं तिकीट चिकटवून सही त्याच्यावर आडवी करायची, हे त्याला फोनवरून समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

पुढचा कागद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. जुना पुरावा तोकडा असेल तर वीस वर्षं सलग ताबा आहे, कुणाची हरकत नाही, असं लिहून द्यायचं आणि त्याला गावाच्या विश्वासातल्या माणसांनी साक्ष द्यायची. शिवाय मोजणीच्या वेळी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांनी हद्द मान्य असल्याची सही करायची. म्हणजे सरकारी दाखला शेवटी उभा राहतो तो शेजाऱ्याच्या तोंडाच्या शब्दावर. शेजारी हो म्हणाला तर जमीन तुमची, गप्प बसला तर काम अडलं.

आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्याने गप्प बसायचं ठरवलं.

याचं मूळ २७ मे २००६ च्या पहाटेत आहे. त्या दिवशी सहाला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला. योग्यकर्ता आणि मध्य जावात मिळून साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली, एकट्या क्लातेनमध्ये हजाराच्या वर. जिल्ह्याचा दक्षिण भाग अक्षरशः सपाट झाला. आमच्या घराच्या विटांच्या भिंती आणि कुंपण पडलं, शेजारच्यांचंही. सगळ्यांनी मिळून एकमेकांची घरं परत उभी केली, आज याचं छप्पर, उद्या त्याचं. त्या घाईत हद्द कुठे होती हे कुणी विचारलं नाही. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आमच्या बाजूला हातभर सरकली. अठरा वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मोजणीचं नाव निघाल्यावर वाटू लागलं.

तिथे एक आजी राहतात. जागा त्यांच्या जकार्तातल्या मुलाच्या नावावर आहे. आजी काही बोलेनात. पण पाणपोईपाशी कानावर आलं ते असं, की ‘इंडियाचा जावई’ जागा आपल्या नावावर करून विकणार आहे. मी करार दाखवायला निघालो होतो. बायकोने थांबवलं. ती म्हणाली, ‘मास (इथे बायका नवऱ्याला अशी हाक मारतात), कागद घेऊन त्यांच्या दारात गेलात तर तेच खरं वाटेल.’

पाक आर्टी म्हणजे आमच्या तीसेक घरांच्या वस्तीचा निवडलेला प्रमुख. त्यांनी सल्ला दिला तोही अजब. म्हणाले, ‘तुम्ही रोंदा चुकवू नका, बाकी बघू.’

रोंदा म्हणजे रात्रीची गस्त. घरटी एक पुरुष, आठवड्याची रात्र ठरलेली. कोपऱ्यावर बांबूची चौकी, तिला कंतोंगान, म्हणजे ठोकून वाजवायचा पोकळ लाकडी ओंडका, टांगलेला. चोर, आग, मृत्यू यांचे ठोके वेगवेगळे. सलग घाईघाईने बडवलं की त्याला तितिर म्हणतात आणि तो ऐकून झोपून राहणं म्हणजे गावातून उठणं. प्रत्येक घराच्या भिंतीला एक छोटा डबा टांगलेला असतो, पूर्वी त्यात मूठभर तांदूळ ठेवत, आता पाचशे रुपियाचं नाणं. गस्तवाले ते गोळा करतात आणि वहीत लिहितात. कुणाच्या डब्यात तीन रात्री नाणं नसलं तर दंड नाही, पण सकाळी कुणीतरी दार वाजवून ‘तब्येत बरी आहे ना?’ असं विचारून जातं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी याहून चांगली व्यवस्था मी पाहिलेली नाही. गोळा झालेल्या पैशातून मयताच्या वेळच्या खुर्च्या, मांडव, आजारी माणसाची भेट हे निघतं.

इथे चोऱ्या होतात त्या कोंबड्यांच्या, पाण्याच्या पंपांच्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या. हसू नका, चांगला गाणारा मुराई पक्षी मोटारसायकलच्या किमतीला जातो. एका रात्री असा पिंजरा पळवताना एक पोरगा सापडला आणि तितिर वाजला. पाच मिनिटांत लुंगीतली सगळी वस्ती रस्त्यावर. हा या सुरक्षेचा दुसरा चेहरा. त्या पोराला मार बसायला सुरुवात झाली होती. पाक आर्टी आणि मशिदीचे एक वयस्कर गृहस्थ मध्ये पडले, त्याला चौकीत बसवून कडी लावली आणि गावासाठी नेमलेल्या पोलिसाला बोलावलं. प्रत्येक वेळी अशी माणसं वेळेवर उठतातच असं नाही. रोंदाबद्दल भारावून लिहिणाऱ्यांनी हेही लिहायला हवं.

मी माझी रात्र चुकवली नाही. आल्याचा गरम चहा, तळलेलं टेंपे, डॉमिनोचा डाव आणि अखंड गप्पा. चौकीत कुणीही मला जागेबद्दल विचारलं नाही, मीही काढलं नाही. पण करार झाल्याचं, जागा फक्त बायकोच्या आणि पुढे मुलीच्या नावावर जाणार असल्याचं, मुलगी इंडोनेशियाची नागरिक असल्याचं गावाला कळलं. मी सांगितलं एकदाच आणि तेही पाक आर्टींच्या मेहुण्याला. बाकी काम चहाने केलं.

जकार्तावाला मुलगा येणार लेबारानला, म्हणजे ईदला. गेल्या वर्षी पंचांगाने गंमत केली. २९ मार्च २०२५ ला न्येपी, इथल्या हिंदूंचं शके १९४७ चं नववर्ष. ३० ला आपला गुढीपाडवा, शकही तेच. आणि ३१ ला ईद. २८ ला प्रांबानानच्या देवळासमोर न्येपीआधीचा मोठा विधी झाला, तिथे आम्ही सगळे होतो. न्येपीच्या दिवशी दिवे नाहीत, चूल नाही, घराबाहेर पडायचं नाही. त्या रात्रीची आमच्या वाट्याची गस्त मुसलमान शेजाऱ्यांनी केली. दुसऱ्या रात्री त्यांची तकबीर, म्हणजे ईदच्या आदल्या रात्रीचा अल्लाच्या नावाचा गजर, होती, तेव्हा चौकीवर आम्ही आणि ख्रिश्चन घरातले दोघे. मधल्या दिवशी मी गुढी उभारली. बांबू, वर कापड आणि तांब्या. लोकांनी तो पेंजोरचाच, म्हणजे इथल्या हिंदूंच्या सजवलेल्या वाकड्या बांबूचाच, एक प्रकार धरला आणि बांबू सरळ का ठेवला, वाकवायला हवा होता, अशी दुरुस्ती सुचवून गेले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती एकमेकांच्या घरी माफी मागत फिरते. आम्हीही आजींकडे गेलो. केतुपात खाल्लं. सासूबाईंनी आजींचे हात धरले आणि त्यांच्यात जुन्या वळणाच्या जावानीज भाषेत बराच वेळ काहीतरी चाललं, मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. बायकोने मुलाला सांगितलं, भिंत आहे तिथेच राहू दे, हद्द भिंतीच्या कडेने धरू. म्हणजे हातभर पट्टी आम्ही सोडली. इचलकरंजीत असतो तर मी मोजणीचे पैसे भरून इंचाइंचाचा हिशेब मागितला असता आणि दहा वर्षं कोर्टात गेलो असतो. इथे निर्णय बायकोचा होता, आणि मला तो स्वस्त वाटला. मुलाने त्याच दुपारी सही केली. आजींनी जाताना आमच्या मुलीच्या हातात ईदची नोट ठेवली.

नंतरचं भराभर झालं. पूर्वेकडे भिंतीच्या दोन टोकांना आणि उरलेल्या कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट रोवले. जमीन कार्यालयाचे मोजणीदार आले, उपग्रहाचं यंत्र घेऊन तासाभरात गेले. क्षेत्र वहीतल्यापेक्षा थोडं कमी भरलं. हरकतींसाठी महिनाभर नोटीस पंचायतीत लागली. वारशाच्या जागेवरच्या कराला धास्तावलो होतो, पण वारसांसाठी किमान ३० कोटी रुपियापर्यंतची किंमत करातून वगळतात. आकडा ऐकून छाती दडपते, आपले ते सोळा-सतरा लाख. गावातल्या जागेची सरकारी किंमत त्याच्या आसपासही नव्हती.

दाखला आला तो नव्या पद्धतीचा, क्यूआर कोड असलेला एकच कागद. सासूबाईंना हिरव्या मुखपृष्ठाची जाडजूड पुस्तिका हवी होती, पीटीएसएलमध्ये शेजाऱ्यांना मिळाली तशी. भाच्याने मोबाइलवर कोड दाखवून समजूत घातली. तरी त्यांनी लेतर सीच्या उताऱ्याची प्रत कपाटात ठेवलीच आहे.

आता थोरल्या मेहुण्याचा फोन आला आहे. त्याच्या वाटणीचं भाताचं शेत अजून वहीतच आहे आणि फेब्रुवारीची तारीख उलटली. जुना उतारा आता मालकीचा पुरावा म्हणून नाही, फक्त माग काढायला चालेल. ताब्याचा जबाब आणि साक्षीदार यांच्यावरच सगळं उभं करावं लागेल. शेताला शेजारी चार नाहीत, सहा आहेत. त्यातल्या दोघांची गस्तीची रात्र माझीच आहे, म्हणून काम माझ्याकडे सोपवलं आहे.