आमची वाटचाल : नाव तेवढं घासू नका

वाडा पाडायचा ठरला तेव्हा भंगारवाल्याचा काटा आमच्या ओसरीवर तीन दिवस मांडलेला होता. २००९ चा उन्हाळा. जुन्या नाशकात, भांडीबाजारापासून पाच मिनिटांवर असलेला माझ्या सासरचा वाडा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, बिल्डरशी करार झाला आणि माळ्यावरून तीन पिढ्यांचा संसार खाली उतरू लागला. घंगाळ, तांब्याचा बंब, कडीचे डबे, ओगराळी, वेळण्या, शेवयांचा पाट, दोन स्टोव्ह, पत्र्याच्या ट्रंका. पितळ एका दराने, तांबं दुसऱ्या दराने, लाकूड सगळं उक्तं. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात हिशेब लिहायचे, म्हणून वही माझ्याकडे आली. मी वजनं मांडत बसले होते आणि खरं सांगते, मला काहीही वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी काट्यावरून एक अडकित्ता उचलला. "वहिनी, हा नाही द्यायचा." पितळेचा, मोराच्या घाटाचा, पाती झिजून निम्मी झालेली. तो आमच्या आजेसासूबाईंचा होता. भंगारवाल्याने खळखळ केली नाही, त्याला पाव किलोचं काय एवढं! अडकित्त्यामागून पानाचा डबा आला, चुनाळं आलं, हळदीकुंकवाचं पंचपाळं आलं, एक फिरकीचा तांब्या आला. संध्याकाळपर्यंत एक ट्रंक भरली. आमचा जुन्या घरगुती वस्तूंचा धंदा त्या ट्रंकेतून निघाला. बाकीचं एकशे चाळीस किलो पितळ मोडीत गेलं. त्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे आणि ती वही मी जपून ठेवली आहे.

पुढच्या दिवाळीत गंगापूर रोडच्या एका हॉलमधल्या प्रदर्शनात आम्ही दोघी जावांनी एक टेबल घेतलं. ट्रंकेतलं काही विकायचं नव्हतं. नातलगांकडून आणि बुधवारच्या बाजारातून थोडं थोडं जमवलं होतं. आमचा अंदाज होता की लोक मोठ्या, दिसायला भारी वस्तूंकडे जातील. पहिलं गेलं ते एक साधं पंचपाळं. घेणाऱ्या बाई बँकेतून परस्पर आल्या होत्या. त्यांनी त्याचं झाकण दोनदा उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे होतं." हे दोन शब्द आम्ही त्यानंतर इतक्या वेळा ऐकलेत, की दुकानात शिरणाऱ्याचा चेहरा बघून आता ते कधी येणार हे कळतं. तरी दर वेळी ऐकायला बरं वाटतं.

२०१२ ला नोकरी सोडली आणि दहा बाय बाराचा गाळा घेतला. माल कुठून येतो, असं सगळेच विचारतात. बराचसा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून, भांडीबाजारातल्या मोडीच्या ढिगातून, आणि पंचवटी, सिन्नर, येवला, चांदवड इथल्या उतरवायला काढलेल्या घरांतून. मोडीच्या ढिगाशी आमचं नातं वेगळंच आहे. दुकानदार नवं भांडं देताना जुनं वजनावर घेतो आणि ते वितळायला जातं. तिथे सकाळी नऊच्या आत पोचायचं, ढिगात हात घालायचा आणि आधी पाठ बघायची. ठोक्याचं भांडं असेल तर त्यावर मठार दिसतो, म्हणजे तांबटाच्या हातोडीचे एकाशेजारी एक पडलेले ठसे. ओतीव भांडं बुडाला जड लागतं. जोडाची झाळ बोटाला कळते, डोळ्याला कळत नाही. हे सगळं आम्हाला तांबट लेनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी शिकवलं. त्यांनी एक पैसा घेतला नाही. फक्त दर खेपेला विचारायचे, "आज काय वाचवलंत?"

घेतलेली वस्तू वापरात यावी अशी आमची इच्छा असते, म्हणून कल्हईला आम्ही सोडलं नाही. कल्हईवाले मामा महिन्यातून एकदा येतात, दुकानामागे भट्टी लावतात. भांडं तापलं की नवसागर टाकतात, कथलाची कांडी फिरवतात आणि कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात आतून चांदीसारखं करून टाकतात. तो पांढरा धूर आणि तो वास आला की आसपासचे लोक हातातलं काम टाकून बघायला येतात. गिऱ्हाइकाला आम्ही बजावून सांगतो, कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो ठेवायचा नाही, कळकतं, म्हणजे आंबटाला धातू लागून ते बिघडतं. 'कळकणं' हा शब्दच पुष्कळ तरुण मुलींना पहिल्यांदा आमच्याकडे ऐकायला मिळतो. स्टीलमध्ये काही कळकत नाही, मग शब्द तरी कुठून राहणार?

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद मापांनी दिला. धान्य मोजायची जुनी मापं, पितळी आणि लोखंडी, काठाला जाड पट्टी, अंगावर सरकारी शिक्के. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. एका शिक्षिकेने ती शाळेत नेण्यासाठी मागितली. मीही बरोबर गेले, सोबत पाच किलो बाजरी नेली. मुलांनी चिपट्याने पायली भरायला घेतली, आणि सोळाव्या चिपट्याला पायली काठोकाठ भरली तेव्हा वर्गात जो ओरडा झाला तो मी विसरणार नाही. मग मी विचारलं, रुपयाचे आणे किती? एकालाही माहीत नव्हतं. पण 'सोळा आणे खरं' हे सगळ्यांना माहीत होतं. 'पायलीला पन्नास' माहीत होतं, 'शेरास सव्वाशेर' माहीत होतं. आणे १ एप्रिल १९५७ ला गेले, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. घरातून वस्तू गेली, तोंडातून गेली नाही. त्या मुलांच्या हातात मी शब्दाची वस्तू दिली, असं मला त्या दिवशी वाटलं. ती मापं मग शाळेलाच देऊन टाकली.

कंदिलांचंही तसंच. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील आला की आम्ही आधी काच बघतो, मग चावी फिरवून वात वर-खाली होते का ते. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला आणि मराठी घराघरात तो कंदील पोचला. आमच्याकडे येणारे बहुतेक जण अंगणात शोभेला टांगायला नेतात. एक गृहस्थ मात्र त्याच्या उजेडात अभ्यास केलेले निघाले. त्यांनी काच हातात घेतली आणि न सांगता शर्टाच्या टोकाने, आत दोन बोटं घालून, गोल पुसायला लागले. हाताला आठवत होतं.

नाण्यांच्या बाबतीत आम्ही मन घट्ट केलं आहे. आमचं शहर नोटांचं आणि तिकिटांचं. १९२५ पासून नाशिकरोडला छापखाना आहे, त्यामुळे जुनी तिकिटं आणि नोटा जपणारी माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात. मोबाइलवरच्या जाहिराती बघून लोक जुनं नाणं घेऊन येतात आणि लाखांची आशा धरतात. त्यांना खरी किंमत सांगणं जिवावर येतं, पण सांगते. नाण्यांची खरी ओळख करून घ्यायची असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे जा म्हणते. आमच्या गल्ल्याजवळ एक वाटी असते, भोकाच्या पैशांची. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली म्हणून १९४३ पासून मधे भोक पाडून काढलेला तो तांबूस पैसा. आजीबरोबर आलेल्या लहान मुलाला एक फुकट. तो लगेच त्यातून पलीकडे बघतो. प्रत्येक मूल बघतं.

काही गोष्टी घेत नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, तिच्या व्यापाराला परवाना लागतो. आमचा तो रस्ता नाही. हस्तिदंती मूठ, सांबराचं शिंग असलं काही आलं तर हातही लावत नाही. आणि देव्हाऱ्यातले देव घेत नाही. यासाठी कायद्याची गरज नाही, ते आमच्या मनालाच पटत नाही.

२०१६ च्या ऑगस्टचा पूर आमच्या अंगावर आला. गोदेला पाणी वाढलं की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, त्यावरून पुढचं ठरतं. त्या दिवशी मारुती दिसेनासाच झाला. आमची साठवणीची खोली घाटाकडच्या उतारावर, तळमजल्याला. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली, ती चूक आमचीच. कागद सगळा गेला: जुनी कॅलेंडरं, पंचांगं, लग्नपत्रिका, स्टुडिओतले फोटो, रेडिओच्या परवान्याची पुस्तकं. दोन दिवसांनी चिखलात उतरलो तर पितळ तसंच होतं. जाऊबाई एकेक भांडं धुऊन पायरीवर उपडं ठेवत होत्या, आणि ओल्या पितळेवरची नावं उन्हात वाचता येत होती. तोवर आम्ही त्या नावांकडे नीट बघितलं नव्हतं.

भांड्यावर नाव घालायची आपली जुनी पद्धत. पंगतीला भांडी शेजारीपाजारी जायची, परत ओळखून यावीत म्हणून. जुनी नावं ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली, नंतरची यंत्राने कोरलेली. कुणाच्या मुंजीची भेट, कुणाचं डोहाळजेवण, कुणाचे 'स्मरणार्थ', कधी गावाचं नाव, कधी तिथी. पुष्कळ गिऱ्हाईक म्हणतं, भांडं छान आहे, नाव तेवढं घासून द्या. आम्ही देत नाही. यावरून विक्री गेली आहे, पुढेही जाईल. परक्या माणसाचं नाव घरात कशाला, असं विचारतात. मी एवढंच सांगते की त्या बाईने हे भांडं तुमच्यापेक्षा जास्त वेळा घासलं आहे, तिचं नाव तिने नाही घालवलं.

टाळेबंदीत दुकान बंद होतं तेव्हा फोनवर फोटो पाठवून विक्री सुरू झाली, ती आजही चालते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक भांड्यावरचं नाव वहीत उतरवून घेतो. ही दुसरी वही.

गेल्या वर्षी एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या, मुलीचा हात धरून. त्यांच्या आईच्या लग्नातली कळशी, वाडा मोडताना वजनावर गेलेली. कळशी कशी होती ते नीट आठवेना, नाव मात्र आठवत होतं: आईचं माहेरचं, कारण कळशी सासरी यायच्या आधीच त्यावर नाव घातलं होतं. आम्ही दुसरी वही चाळली. नाव नव्हतं. मग मी पहिली काढली, २००९ ची. तिच्यात फक्त किलो होते.

ते नाव जाऊबाईंनी एका चिठ्ठीवर लिहून काट्याच्या वर चिकटवलं आहे. आता मोडीच्या ढिगात कळशी दिसली की आम्ही दोघी आधी तिचा गळा बघतो.