गुडघा बदलून घरी आल्यावर, ऐन थंडीत

सुगीची निम्मी कामं आटपायची, दिवाळी करायची आणि मग ऑपरेशन, असा बेत आपल्याकडे बरीच घरं करतात. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात मला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो: “आईचा गुडघा बदलला, परवा मिरजेहून घरी आणलं. आता घरात नेमकं काय करायचं? आणि थंडीत गुडघा जास्त धरेल का हो?” सांगली-मिरज भागात घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं काम. तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्या सहा आठवड्यांचं सविस्तर सांगते. सर्जननं चिठ्ठीवर यापेक्षा वेगळं लिहून दिलं असेल, तर चिठ्ठी पाळायची.

आधी थंडीचं. नवा सांधा धातूचा आणि खास प्लॅस्टिकचा असतो, तो थंडीनं बिघडत नाही. सकाळी गुडघा आखडल्यासारखा वाटतो, कारण रात्रभर हालचाल झालेली नसते आणि भोवतीचे स्नायू, ताजी जखम हे सगळं ताठलेलं असतं. थंडीचा खरा त्रास वेगळाच आहे. माणूस पांघरुणातून उठायचा कंटाळा करतो, पाणी कमी पितो, बर्फाला नको म्हणतो आणि पाय पोटाशी मुडपून झोपतो. या चारांतली शेवटची गोष्ट सगळ्यात महागात पडते.

म्हणून उशीबद्दल जरा सविस्तर. बहुतेक घरांत शिरल्या शिरल्या दिसतं ते हेच: आई पलंगावर, ऑपरेशनच्या गुडघ्याखाली मऊ उशी, वर वाकळ. उशी मायेनं ठेवलेली असते आणि तिनं बरंही वाटतं, कारण किंचित वाकलेल्या गुडघ्यात सूज कमी ताणली जाते. पण त्याच स्थितीत दोन-तीन आठवडे गेले की गुडघ्यामागचा भाग आखडतो आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. सरळ न होणारा पाय चालताना आखूड पडतो, माणूस लंगडतो, मांडी लवकर थकते, पुढे कंबर दुखायला लागते. वाकणं उशिरा आलं तरी त्यावर काम करता येतं. सरळपणा गेला तर तो परत मिळवणं फार कष्टाचं असतं. तेव्हा गुडघ्याखालची उशी आजच काढा. सूज उतरायला पाय उंच ठेवायचा असेल, तर उशा पोटरीपासून टाचेपर्यंत लांबीत लावा, म्हणजे टाच छातीपेक्षा वर राहते आणि गुडघा सरळ. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडा. त्याच्या वजनानंच तो खाली बसत जातो. पाय सपाट ठेवल्यावर गुडघ्याखालून तुमचा तळहात सहज आरपार जात असेल, तर अजून काम बाकी आहे असं समजा.

व्यायामाची वेळ गोळीशी बांधून घ्या. वेदनेची गोळी काहीतरी खाऊन घ्यायची आणि त्यानंतर पाऊण तासानं व्यायाम. हे उलटं झालं की दुखतं, दुखलं की माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी टाळतो. या दिवसांत आठ-साडेआठला सोप्यात किंवा गच्चीच्या दारात ऊन येतं, खुर्ची तिथं टाका. व्यायाम मोजकेच आहेत. पाऊल घोट्यातून खाली-वर, वीस वेळा, जागेपणी दर तासाला. यानं पोटरीतलं रक्त हलतं ठेवलं जातं, गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबायचा, मनात पाच म्हणेपर्यंत धरायचा, सोडायचा, दहा वेळा. टाच गादीवरून घासत आपल्याकडे ओढायची, दहा वेळा. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घातली की ती सरकते चांगली. मग खुर्चीत बसून पाऊल खुर्चीखाली मागं न्यायचं, ताण बसेल तिथं दहा सेकंद थांबायचं, आणि पाऊल तसंच जमिनीला टेकवून बूड थोडं पुढं सरकवायचं. असे तीन वेळा दिवसातून.

किती वाकला हे घरी बघायला यंत्र लागत नाही. खुर्चीत बसल्यावर मांडी आडवी आणि नडगी सरळ उभी आली, की तो काटकोन, म्हणजे ९० अंश. साधारण दोन आठवड्यांत तिथं पोचावं, सहा आठवड्यांत ११०च्या आसपास. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात निवलं तर मात्रा बरोबर. संध्याकाळी गुडघा टम्म फुगला, तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा, पण बंद करू नका. आणि घरातल्या ताकदवान माणसानं जोर लावून वाकवायचं नाही, बाहेरच्या मालीशवाल्यानं तर मुळीच नाही.

बर्फाला थंडीत सगळेच नाही म्हणतात आणि त्याच्या जागी गरम पाण्याची पिशवी पुढं करतात. पहिल्या आठवड्यांत शेक नको. एक तर शेकानं सूज वाढते. दुसरं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी ऑपरेशननंतर बधिर असते, तिथं पिशवी जास्त तापली तरी कळत नाही आणि फोड येतो. बर्फ असा द्या: पिशवीत बर्फाचे खडे आणि अर्धा पेला पाणी घालून तोंड घट्ट बांधा, म्हणजे ती गुडघ्यावर नीट बसते. जखमेवरची पट्टी भिजू नये म्हणून आधी कोरडं फडकं, त्यावर पिशवी. पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून चारदा, मुख्य म्हणजे व्यायामानंतर. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, पायात मोजे, मांडीवर वाकळ, आणि फक्त गुडघा उघडा, असं बसवलं की गारठत नाही. गुडघा हाताला कोमट लागणं आणि थोडी सूज राहणं कित्येक महिने चालतं, त्यानं घाबरून जाऊ नका.

हळद ही सांगलीची ओळख, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे टाक्यांवर हळदीचा लेप लावायचा मोह इथं सगळ्यांना होतो. तो आवरा. टाके साधारण बाराव्या-चौदाव्या दिवशी निघतात, त्यानंतरही खपली पूर्ण पडून कातडी बंद होईपर्यंत जखमेवर तेल, हळद, मलम काहीही नाही. दुधात अर्धा चमचा हळद घेतली तर चालते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असताना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आता घर. बसायची खुर्ची हातांची, टणक आणि १८ इंचांच्या आसपास उंच हवी. उंच माणसाला २० इंच. बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर आणि दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, एवढं जमलं की उंची बरोबर. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागं सरकते, ती टाळा. सोफा खोल आणि मऊ, त्यातून उठता येत नाही. उठताना आधी कडेला सरकायचं, ऑपरेशनचा पाय पुढं ठेवायचा, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उभं राहायचं आणि मगच वॉकर धरायचा. वॉकर ओढून उठायला गेलं की तो अंगावर येतो, आणि पहिल्या आठवड्यात पडण्याचं हे नेहमीचं कारण. वॉकरची उंची बघायची तर हात सैल सोडून उभं करा, मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. चालताना वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पुढं काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात; दुखऱ्या बाजूला धरायची चूक बहुतेक सगळे करतात.

जुन्या वाड्यांतले उंबरे चार-पाच इंच उंच असतात. प्रत्येक उंबऱ्याला फळी लावत बसण्यापेक्षा झोपायची जागाच बदला: पलंग, संडास आणि बसायची खुर्ची यांच्या वाटेत उंबरा येणार नाही अशा खोलीत सहा आठवडे मुक्काम. परसातल्या न्हाणीघरापर्यंत पहाटे अंधारात, दवानं ओल्या झालेल्या शहाबादीवरून जाणं अजिबात नको. खोलीत कमोडची खुर्ची ठेवा, ती औषधांच्या दुकानातून भाड्यानंही मिळते. रात्रभर छोटा दिवा चालू राहू द्या. पायात नुसते लोकरी मोजे घालून चालू नये, ते घसरतात. मागं पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल घाला. सतरंजी, पायपुसणं, चार्जरची वायर उचलून ठेवा.

आंघोळीचं पाणी बंबातलं असो की गीझरचं, बादली आधी दुसऱ्यानं भरून हाताला येईल अशा उंचीवर स्टुलावर ठेवावी. गरम पाण्याकडं वाकताना तोल जातो. टाके निघेपर्यंत ओल्या फडक्यानं अंग पुसणं बरं. पट्टी पाण्यात टिकणारी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच खुर्चीवर बसून आंघोळ. उकिडवं बसणं, मांडी, पाट, भारतीय संडास हे सगळं सध्या बंद. पूजा टेबलावर मांडा, आई खुर्चीत बसून करतील.

मार्गशीर्षातले गुरुवार इथंच आडवे येतात. संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही आणि वेदनेच्या गोळ्या मात्र चालू, यानं आम्लपित्त होतं, चक्कर येते, आणि मधुमेहाच्या गोळ्या असतील तर साखर एकदम खाली जाते. कहाणी वाचा, नैवेद्य दाखवा, उपास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धरावा. ऐकतच नसतील तर दूध, ताक, दाण्याची आमटी, राजगिरा, फळं अशी दर तीन तासांनी पोटात जाऊ द्या. नुसती साबुदाण्याची खिचडी नको, तीत प्रथिनं थोडी आणि साखर वाढवायला पिष्ट भरपूर.

जखम भरायला प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम धरा (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). दोन अंडी १२ ग्रॅम, पेलाभर दूध ६ ते ८, वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ ७-८, मूठभर शेंगदाणे ७. उरलेलं भाकरी आणि दह्यातून येतं. अंड्यानं, वांग्यानं, आंबट दह्यानं जखम पिकते म्हणून पथ्य लावतात, त्याला आधार नाही, आणि या पथ्यापायी माणूस अशक्त होतो. या दिवसांतली मेथी, हरभऱ्याचा पाला खुशाल द्या. फक्त वॉरफेरिन किंवा असिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर पालेभाजीचं प्रमाण रोज सारखं ठेवा, एकदम वाढवू नका. तिच्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वानं त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, कमी हालचाल आणि थंडीत कमी पाणी, अशी चार कारणं एकत्र येतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर कोमट पाणी थर्मासमध्ये जवळ ठेवा, दिवसभरात दोन लिटर संपवा. पेरू, पपई द्या, आणि तीन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांना फोन करा. गोळ्यांबाबत आणखी एक: वेदनेच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. अंग कोमट वाटलं म्हणून वर तापाची गोळी दिली की मात्रा दुप्पट होते. पाकिटाच्या मागचं वाचा, नाहीतर औषधाच्या दुकानदाराला दाखवा.

भेटायला येणाऱ्यांना दुपारी चार ते सहा ही वेळ सांगा, सर्दी-खोकला असलेल्यांना नंतर या म्हणा. पाहुण्यांसमोर तासभर पाय खाली सोडून बसलं की संध्याकाळी सूज वाढते. दर वीस मिनिटांनी उठून घरात एक फेरी, हा नियम पाहुण्यांनाही सांगून टाका. वाईट कुणी वाटून घेत नाही.

रात्रीची झोप पहिले चार-सहा आठवडे तुटकच असते. बहुतेकजण याच काळात खचतात, “ऑपरेशन केलंच कशाला” म्हणतात. दुपारची झोप पाऊण तासावर आणा, रात्रीची वेदनेची गोळी झोपायच्या आधी द्या. कुशीवर झोपायचं तर दोन्ही पायांच्या मध्ये उशी घाला, आणि पाय मुडपलेला राहत नाही ना बघा.

फोन सकाळपर्यंत थांबवायचा नाही, अशा गोष्टी मोजक्या आहेत. एकाच पोटरीत दुखणं आणि ती एकदम सुजणं. धाप किंवा छातीत दुखणं. तेव्हा थेट दवाखान्यात. जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, १०१च्या वर ताप. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनं जितके दिवस लिहून दिलीत तितके दिवस पूर्ण घ्या, चालायला लागल्या म्हणून मध्येच सोडू नका.

टाके काढायला आणि सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना दिवसाउजेडीची वेळ घ्या. कारखाने सुरू असतात, अंधार पडला की रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या पुढं येईपर्यंत दिसत नाहीत, आणि अचानक ब्रेक लागला तर नव्या गुडघ्याला तो झटका सोसत नाही. पुढची सीट पूर्ण मागं सरकवा, बैठकीवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरा. आधी पाठमोरं बसायचं, मग पिशवीवरून फिरत दोन्ही पाय एकदम आत. आणि गाडी सुटण्याआधी ती पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस पुढं घसरतो. तासापेक्षा लांबचा प्रवास असेल तर मध्ये एकदा उतरवून पाच मिनिटं चालवा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या, रिकामी झालेलीसुद्धा.