खोली आधी पाहा, आधार कार्ड नंतर द्या: सेवाग्राम ते चिखलदरा

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मी आणि माझा मामेभाऊ दोन मोटारसायकलींवर नागपूरहून निघालो आणि सेवाग्राम, लोणार, शेगाव, चिखलदरा असे करत पाचव्या दिवशी परतलो. विवर, मंदिरे आणि घाट यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; मात्र दिवसभर गाडी चालवून रात्री ज्या गादीवर पाठ टेकायची, तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. मला हे आधी कोणी सांगितले असते, तर एका रात्रीची झोप आणि साडेचारशे रुपये वाचले असते. दिवसाला दोनशे किलोमीटर गाडी चालवण्याची सवय असलेल्या आणि स्वतःची चादर, विजेरी व डासांचे मलम सोबत ठेवणाऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे. ज्यांच्याकडे चादर नाही त्यांनी ती आधी घ्यावी, मग पुढे वाचावे.

पहिला मुक्काम सेवाग्रामच्या यात्री निवासात झाला. खोली साधी होती, फरशी कोरडी होती, बादली आतून घासलेली होती. तक्रारीला जागा नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी वेळेचे गणित चुकले. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, त्यामुळे आम्ही जुन्या रस्त्याने चाललो होतो. सोयाबीनची काढणी जोरात असल्याने रस्त्याला लागून मळणीयंत्रे धडधडत होती आणि त्यांचा भुसा डोळ्यांत जात होता. त्यातच कारंजाच्या अलीकडे मामेभावाचे मागचे चाक पंक्चर झाले. अंधारात लोणार गाठण्यात अर्थ नव्हता. कारंजा आणि मेहकर यांच्यामधल्या एका गावात मोबाइलवर एक लॉज सापडले, ज्याच्या छायाचित्रांत पांढरीशुभ्र चादर आणि तिच्यावर टॉवेलच्या घडीचा हंस बसवलेला होता. फोनवर भाडे नऊशे रुपये सांगण्यात आले. तो हंस, ती चादर आणि ती खोली त्या इमारतीत कुठेही नव्हती, हे आम्हाला अर्ध्या तासाने कळले. परंतु तोपर्यंत आमच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स काढून झाल्या होत्या, नोंदवहीत सह्या झाल्या होत्या आणि पैसे गल्ल्यात गेले होते.

हीच आमची पहिली आणि सर्वांत महागात पडलेली चूक. अशा लॉजमध्ये काउंटरवरच्या माणसाचा स्वर पैसे घेण्याआधी एक असतो आणि घेतल्यानंतर दुसरा. त्यामुळे कितीही दमलेले असलात तरी हेल्मेट हातातच ठेवून आधी खोली पाहायला जावे, आणि 'खोली चांगलीच आहे, तुम्ही आधी एंट्री करा' असे उत्तर मिळाले तर तिथूनच मागे फिरावे. आम्ही फिरलो नाही, कारण पाठ दुखत होती. दमलेल्या माणसाला सगळ्याच खोल्या बऱ्या वाटतात.

दाराशी उभे राहून पाहिल्यावर खोली खरोखर बरी दिसत होती. जमिनीवर चकचकीत टाइल्स होत्या, भिंतीवर मोठा टीव्ही होता, एसीही होता. तो चालत नव्हता, तरी त्याच्या नावाखाली भाडे नऊशेचे बाराशे झालेच होते. चादर नुकतीच अंथरलेली होती आणि तिला साबणाचा वास होता. मी उशीचा अभ्रा काढून पाहिला. आतल्या उशीवर वर्षानुवर्षांच्या डोक्यांच्या तेलाचा तपकिरी नकाशा उमटलेला होता, कडेला गडद आणि मध्ये फिकट, आणि त्याला शिळ्या खोबरेल तेलाचा वास येत होता. मग चादरीचा कोपरा उचलला आणि विजेरीच्या उजेडात गादीची शिवण पाहिली. शिवणीच्या दोऱ्यालगत, बॉलपेनाचे टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके ओळीने होते. ओल्या बोटाने एक ठिपका पुसला तर तो तांबूस होऊन पसरला. ही ढेकणांची विष्ठा, म्हणजे कोणाचे तरी पचलेले रक्त. माती किंवा गंज असा पसरत नाही, म्हणून ही ओल्या बोटाची परीक्षा ध्यानात ठेवावी.

लॉजवर काम करणाऱ्या मुलाला बोलावले. विशीही न ओलांडलेला तो पोरगा चादरीकडे न पाहताच म्हणाला, "नाही जी, कालच फवारनी केली." फवारणी झालीही असेल. अडचण अशी की नेहमीच्या फवाऱ्यांतील औषधांना ढेकूण आता पुष्कळ अंशी सरावले आहेत, आणि अंडी पलंगाच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत, विजेच्या बोर्डामागे असतात, जिथे फवारा पोहोचतच नाही. शिवाय ढेकूण रक्तावाचून महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे 'खोली पंधरा दिवस बंदच होती' हे आश्वासनही निरुपयोगी. ढेकणाच्या चाव्याने रोग पसरल्याचा पुरावा नाही, ही एवढीच समाधानाची बाब. मात्र पहाटे तीन वाजता मनगटावर एका ओळीत उठलेल्या चार गांधी खाजवताना त्या समाधानाचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी खोली मागितली. ती मिळाली नाही, कारण बाकीच्या खोल्यांत मळणीयंत्रांवरचे कामगार आणि बियाणे-खतांच्या कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी उतरले होते. तेव्हा केलेली व्यवस्था सांगतो, कारण पुढच्यांना ती उपयोगी पडेल. गादी उचलून भिंतीला उभी केली, पलंगाच्या उघड्या फळीवर मोटारसायकलवर टाकण्याचे प्लास्टिकचे आच्छादन अंथरले आणि त्यावर आपली चादर घातली. पलंग भिंतीपासून वीतभर ओढून घेतला. सॅका जमिनीवर किंवा पलंगावर न ठेवता प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून न्हाणीघरातल्या खुंटीला टांगल्या. ढेकूण माणसाबरोबर घरी जातो तो सामानातूनच, आणि गुळगुळीत टाइल्सवरून चढणे त्याला जमत नाही. इतके करूनही चार गांधी उठल्याच, त्या अर्थी ही व्यवस्था पुरेशी नव्हती.

न्हाणीघराविषयी दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्यात. दाराजवळ गटाराचा जो उग्र वास येत होता, त्याचे कारण घाण नव्हते, तर नहाणी ट्रॅप कोरडा पडला होता. जमिनीतल्या जाळीखाली पाणी साचून राहण्याची जी वाटी असते, ती पाणी असेपर्यंत गटारातला वायू आणि झुरळे अडवते. खोली काही दिवस वापरली नाही की ते पाणी आटते आणि वाट मोकळी होते. जाळीवर दोन मग पाणी ओतले की पाच-दहा मिनिटांत वास जातो. आमच्या खोलीतला गेला. कोणत्याही खोलीत शिरल्यावर हे पहिले काम करावे, त्याला पैसे पडत नाहीत. बादलीतला मग मात्र उलटा करून त्याचा तळ पाहावा. आमच्या मगाच्या तळाला हिरवट बुळबुळीत थर होता आणि कमोडच्या बुडाशी, जिथे तो फरशीला टेकतो, तिथे काळी कड धरलेली होती. अशी कड एका दिवसात धरत नाही, त्यामागे कित्येक आठवड्यांचा आळस असतो.

याउलट नळांवरच्या पांढऱ्या पापुद्र्यावरून मालकाला दोष देऊ नये. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, भूजलच खारट आहे. तिथे घासलेल्या नळावरही काही दिवसांत पुन्हा क्षार चढतात, साबणाला फेस येत नाही आणि धुतलेला पांढरा टॉवेलही पिवळसर, कडक दिसतो. पुढे शेगावहून अकोटकडे जाताना एका ठिकाणी हात धुतले तेव्हा मामेभाऊ नळ पाहून नाक मुरडू लागला; मी त्याला मगाचा तळ दाखवला, तो स्वच्छ होता.

कूलरचे मात्र काही ऐकून घेऊ नये. एसी बंद असल्याने आम्हाला खिडकीतला कूलर लावून देण्यात आला, आणि तो सुरू होताच कुजलेल्या गवताचा दर्प खोलीभर पसरला. उन्हाळ्यात बसवलेले वाळ्याचे किंवा लाकडाच्या भुशाचे पडदे पावसाळाभर ओले राहिलेले, खाली टाकीत गढूळ पाणी, आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या आम्ही विजेरीच्या उजेडात मोजल्या. अकरापर्यंत मोजून सोडून दिल्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी कोरडी करण्याचा आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' याच हिशेबावर आधारलेला आहे, आणि डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. ऑक्टोबरात कूलर दिला गेला तर टाकीचे झाकण उघडून पाहावे, पाणी गढूळ असेल तर तो बंद ठेवून पंख्यावर रात्र काढावी.

सकाळी हिशेब आला. बाराशे भाडे, त्यावर १२ टक्के 'जीएसटी' म्हणून १४४, गरम पाण्याच्या दोन बादल्यांचे ६०, एकूण १४०४ रुपये, आणि तेही वहीतून फाडलेल्या कागदावर. येथे पुढच्यांनी नीट लक्ष द्यावे. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ज्याची नोंदणीच नाही त्याला तर हा कर गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असेल तर छापील बिलावर १५ अक्षरी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. मी शांतपणे तो क्रमांक मागितला. काउंटरवरच्या गृहस्थांनी कागद परत घेतला, १४४ वर काट मारली, काही क्षण विचार केला आणि त्याच जागी 'सफाई १००' असे लिहिले. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर होती, तिला ताजा झेंडूचा हार होता. मी १३६० रुपये दिले, कारण भांडण करण्याइतकी झोप झालेली नव्हती. हे मी चुकीचे केले.

लोणार पाहिले, खाली उतरलो, वर चढलो. जवळपास दीडशे मीटरचा उतार आहे, पाणी बरोबर घ्यावे, धारेजवळच्या ओल्या पायऱ्या निसरड्या आहेत. माझे अर्धे लक्ष मनगटाकडे होते, त्यामुळे सरोवराविषयी न्यायाने लिहिणे मला शक्य नाही.

शेगावला संस्थानच्या भक्त निवासात जागा मिळाली आणि तिथल्या स्वच्छतेविषयी जे ऐकून होतो ते खरे निघाले. जिना, संडास, पाणपोई, सगळीकडे कोणीतरी हातात फडके घेऊन उभा होता. बाराशेच्या खोलीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली. सेवाग्रामचे मूळ नाव सेगाव होते. गांधीजींचा पत्रव्यवहार वारंवार शेगावकडे जाऊ लागल्याने १९४० मध्ये ते बदलले गेले. या प्रवासातले दोन निर्धास्त मुक्काम नेमके या दोन नावांच्या गावांतच झाले. गर्दीच्या दिवशी शेगावला जागा मिळेलच असे नाही, म्हणून दुपारीच पोहोचावे.

चिखलदऱ्याला, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, पावसाळा संपला तरी खोल्यांना कुंद वास असतो. आम्ही तीन ठिकाणी खोल्या पाहून नकार दिला, आणि तो देताना मला आता अजिबात संकोच वाटत नव्हता. चौथ्या ठिकाणी, एका घराच्या मागच्या दोन खोल्यांपैकी एक पाहायला गेलो, तेव्हा मालकीणबाई अंगणात गोधड्या उन्हातून उलथ्यापालथ्या करत होत्या. मी चादरीचा कोपरा उचलून शिवण पाहू लागलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "पाहा भाऊ, पाहून घ्या, पाहिलंच पाहिजे," म्हणत त्यांनी स्वतः गादीची दुसरी बाजू वर केली. भाडे आठशे, गरम पाणी त्यातच. त्यांनी दोन हजार मागितले असते तरी मी दिले असते, आणि हे मी उत्साहाच्या भरात लिहीत आहे हे मला कळते. परंतु गोधडीला उन्हाचा वास होता आणि मी नऊ तास झोपलो.

परत आल्यावर सामान सरळ घरात नेऊ नये. मी सॅक गच्चीवर रिकामी केली, कपडे उकळत्या पाण्यात भिजवले, जे भिजवता येत नव्हते त्यांच्या शिवणींवरून कडक इस्त्री फिरवली, आणि सॅक काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस उन्हात ठेवली. पन्नास अंशांच्या वरची उष्णता आतपर्यंत पोहोचली तर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. ऑक्टोबरच्या उन्हात तेवढे होईल याची खात्री नसल्याने सॅकच्या पट्ट्यांवर किटलीतले कढत पाणीही ओतले. पट्ट्याच्या शिवणीतून एक मेलेला बाहेर आला. मामेभावाने हे सर्व ऐकून घेतले, हसला आणि आपली सॅक पलंगाखाली सरकवली. आठव्या दिवशी त्याच्या बायकोचा मला फोन आला.